25 लिटरचा आइस बॉक्स : नागपूरच्या फाल्गुन-चैत्रात वापरून पाहिल्यावर

पाच जणांनी कॉन्ट्री काढून फेब्रुवारीत हा आइस बॉक्स घेतला, तेव्हा घरच्यांचा पहिला प्रश्न होता, थर्मास पुरत नाही का? एकट्यादुकट्याला पुरतो. पण नागपुरात फेब्रुवारी ते गुढीपाडवा असे जे काही आठवडे मिळतात, ना धड थंडी, ना धड ऊन, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पळस फुललेला, त्यात दर रविवारी कुठं ना कुठं उलथणाऱ्या टोळीला थर्मास पुरत नाही. आमचे जुने रविवार अकरा वाजता संपायचे. दही आंबट व्हायचं, पाणी कोमट व्हायचं आणि कोणीतरी म्हणायचंच, "चला बे, काय बसून राहिले!" आता तीन-चार वाजेपर्यंत कोणी उठायचं नाव घेत नाही. बॉक्सबद्दल माझं मत चांगलं आहे ते याच एका गोष्टीमुळं. बाकी खोडी पुष्कळ आहेत.

कंपनीचं नाव लिहीत नाही. हुबेहूब असेच दिसणारे बॉक्स बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळतात, आणि खाली जे लिहिलंय ते त्या सगळ्यांना थोडंफार लागू पडावं. बाहेरून निळं प्लास्टिक, आतून पांढरं, मधल्या भिंतीत पफ, म्हणजे फ्रिजच्या भिंतीत असतो तसला फोम. खाली पाणी सोडायला बूच, वर एक कडी, समोर प्लास्टिकची खिट्टी. अडीच हजारांच्या आत मिळाला. 25 लिटर हा आकडा वाचून फार भुलू नका. एक लिटरच्या बाटल्या उभ्या राहतात, दोन लिटरची आडवी टाकावी लागते आणि मग ती गळते. अर्ध्या किलोच्या केकचा खोका सपाट बसतो, एक किलोचा बसत नाही. आमच्या टोळीत मार्च-एप्रिलमध्ये वाढदिवसांची रांग लागते, त्यामुळं हे मी दुकानात टेप घेऊन मोजूनच घेतलं होतं. विकणाऱ्यानं असं पाहिलं माझ्याकडं, की पुसू नका.

सगळ्यात मोठी खोट झाकणात आहे. भिंतीत फोम आहे, झाकण मात्र पोकळ आहे. बोटानं टकटक करून पाहा: भिंतीचा आवाज भरीव येतो, झाकणाचा रिकाम्या डब्यासारखा. भर उन्हात झाकणावर हात ठेवला की खालचा गारवा हाताला लागतो, म्हणजे तो बाहेर चाललाय. यावर उपाय फुकटात होतो. थर्माकोलचा एक तुकडा आतल्या मापानं कापून सामानावर ठेवायचा, आणि बाहेरून जुनी गोधडी ओली करून टाकायची. फरक इतका पडतो, की कंपनीनं शंभर-दोनशे रुपये जास्त घेऊन तिथं फोम का भरला नाही, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. दुकानात दोन बॉक्स समोर असतील तर रंग नंतर बघा, आधी झाकण वाजवा.

आता बर्फाचं. थंडावा बॉक्स तयार करत नाही, तो फक्त जपतो, हे आमच्यातल्या एका महाशयांना शेवटपर्यंत पटलं नाही. ते घरून माठाजवळच्या बाटल्या उचलून आणायचे, आत टाकायचे आणि तासाभरानं विचारायचे, "काऊन बे, थंडी नाही झाली अजून?" शेवटी मी कागदावर हिशेब मांडून दिला. 1 किलो बर्फ वितळायला साधारण 80 किलोकॅलरी उष्णता लागते. 1 लिटर पाणी 1 अंशानं खाली आणायचं तर 1 किलोकॅलरी काढून घ्यावी लागते. म्हणजे एक-एक लिटरच्या पाच बाटल्या 35 अंशांवरून 5 वर आणायच्या तर 150 किलोकॅलरी, आणि तेवढ्यात जवळजवळ 2 किलो बर्फ खलास. आपण 4 किलो बर्फ नेला असेल तर निम्मा तिथंच गेला. तेच पाणी रात्री फ्रिजमध्ये थंड करून आणलं, तर तो बर्फ दुपारपर्यंत कामी येतो.

त्यामुळं आमची रीत अशी बसली. शनिवारी रात्री प्रत्येकानं आपापल्या फ्रीजरात एक लिटरच्या दोन-दोन बाटल्या गोठवायच्या. तोंडापर्यंत भरायच्या नाहीत, पाणी गोठलं की नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं आणि बाटली तडकते. सकाळी त्याच बाटल्या बॉक्सच्या तळाशी. बाटलीतला बर्फ वितळला तरी आत चिखल होत नाही आणि शेवटी प्यायला गार पाणी उरतं. सुटा बर्फ घेतलाच तर चुरा घेत नाही, एकसंध तुकडा मागतो, तो जास्त टिकतो. आणि पेयात घालायचा असेल तर रंग बघून घ्या: खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा असावा असा नियम महाराष्ट्रात 2018 पासून आहे. पांढरा आहे म्हणून तो स्वच्छ पाण्याचाच असेल असंही नाही, म्हणून आम्ही पेयात घरचाच टाकतो.

वितळलेलं पाणी लगेच सोडून देऊ नका, ते शून्याच्या आसपासच असतं आणि बाटल्यांना चारी बाजूंनी गार ठेवतं. खाण्याचे डबे मात्र त्याच्या वर राहतील असं बघा. आम्ही तळाला बाटल्या, वर स्टीलची जाळी आणि जाळीवर डबे ठेवतो. ही जाळी बॉक्ससोबत मिळत नाही, भांड्यांच्या दुकानातून आणली.

फेब्रुवारी-मार्चमधल्या फेऱ्यांत हा बॉक्स खरा शोभला. काटोलकडच्या मैत्रिणीच्या शेतात रोडग्यांचा बेत असतो. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे म्हणजे रोडगे, वरण, वांग्याची भाजी, वरून तूप. हे सगळं गरमच खायचं, त्यात आइस बॉक्सचं काय काम, असं वाटेल. काम ताकाचं आणि श्रीखंडाचं आहे. आर पडायलाच वेळ लागतो, रोडगे भाजून त्यांची राख झटकेपर्यंत दीड वाजतो, आणि तोवर दही जिवंत ठेवायचं तर दुसरा इलाज नाही. त्या दिवसांत मृगबहाराची संत्री असतात. ती बॉक्समध्ये कोंबू नका, उगाच जागा खातात. झाडाखालून उचलून तिथंच सोलायची. तिच्या आईनं बॉक्स पाहून पहिल्यांदा विचारलं, "लग्नाचं आइस्क्रीम आणलं का गं बाई?" पुढच्या वेळी त्यांनीच कैरीचं पन्हं भरून ठेवलं होतं त्यात.

रामटेकला नेताना खबरदारी घ्या. नागपूरहून पन्नास किलोमीटरच्या आत रस्ता, त्यामुळं सकाळी निघून गडमंदिर आणि मग खिंडसी तलावाच्या काठावर जेवण असा सोपा रविवार होतो. पण गडावरची वानरं माणसांना सरावलेली आहेत आणि पिशवी हिसकावायला मागंपुढं बघत नाहीत. खिट्टी लावलेला कडक बॉक्स त्यांना उघडता येत नाही, हे एका वानरानं झाकणावर बसून, सगळीकडून चाचपून सिद्ध केलं. आमच्यातला कोणीही त्याला हाकलायला पुढं झाला नाही. तरीही बॉक्स गडावर न्यायची गरज नाही. भरल्यावर पंधरा-सोळा किलो होतो आणि कडी बोटात रुतते. गाडीतच सावलीत ठेवा. खिंडसीच्या काठाला मात्र तो बाकासारखाही वापरला, झाकण एका माणसाचं वजन सहज पेलतं. दोघांचं पेलत नाही. हा प्रयोग नागपुरातल्या महाल भागात राहणाऱ्या मित्रानं केला आणि बिजागरीला तेव्हापासून एक बारीक चीर आहे.

चाकांचं मॉडेल पाचशे रुपयांनी महाग होतं. नाही घेतलं ते बरंच झालं. झिल्पीच्या तलावाला जा नाहीतर वाकीला कन्हान नदीच्या काठी, शेवटची शंभर पावलं मुरूम, वाळू किंवा ढेकळं असतात. तिथं चाकं फिरत नाहीत, घासतात.

दुचाकीवर नेणं हा मात्र वैताग आहे. मोपेडच्या पायदानावर बॉक्स बसतो, पण चालवणाऱ्याचे गुडघे दोन दिशांना जातात आणि वळताना हँडल बॉक्सला टेकतं. शहरात फुटाळ्यापर्यंत ठीक, हायवेवर अजिबात नाही. ज्यांच्या टोळीत एकही चारचाकी नाही त्यांनी हा घेऊच नये. दहा-बारा लिटरची मऊ, खांद्याला अडकवायची बॅग घ्यावी. ती दुपारपर्यंतच टिकेल, पण निदान घरी धडधाकट पोहोचाल.

धुळवडीला बॉक्स गच्चीवर होता. पळसाची फुलं आदल्या रात्री भिजवून केलेला केशरी रंग झाकणावर सांडला, तो साध्या पाण्यानं निघून गेला. कोणीतरी आणलेल्या चांदी रंगाचे पाच पंजे अजून आहेत आणि ते राहणार. त्या दिवशी एक धडा मिळाला: भरलेल्या हातांचे वीस जण दर दोन मिनिटांनी झाकण उघडत असतील तर जगातला कुठलाच बॉक्स टिकणार नाही. पाण्याच्या बाटल्या वेगळ्या बादलीत बर्फ घालून बाहेर ठेवा, बॉक्समध्ये फक्त थंडाई आणि खायचं ठेवा.

एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढं जातो आणि मग सहलीचं गणितच बदलतं. बॉक्स थंड राहतो हो, माणसं राहत नाहीत. झाडाखाली बसूनही अंगाची लाही होते. त्यामुळं या महिन्यात त्याचं काम शहरात. रामनवमीला पोद्दारेश्वर राम मंदिरातून शोभायात्रा निघते, वाटेत जागोजागी लोक सरबत आणि ताक वाटतात. आमचंही एक टेबल होतं. ताक मोठ्या ड्रममध्ये, आणि बॉक्स फक्त बर्फाचं कोठार म्हणून टेबलाखाली. पुढं 13 एप्रिलच्या रात्री नागपुरातल्याच इंदोरा भागातल्या मित्रासोबत संविधान चौकात. बारा वाजता बाबासाहेबांच्या जयंतीचा जल्लोष सुरू होतो तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नसते आणि रात्रीसुद्धा घसा कोरडा पडतो. पाणी वाटायला उभं राहायचं तर गर्दीत शिरू नका, कडेच्या रस्त्यावर राहा. बॉक्स घेऊन गर्दीतून वाट काढणं अशक्य आहे. या दोन्ही कामांना 25 लिटर कमीच पडतं. अशा वेळी शेजारच्या केटररकडून मोठा बॉक्स भाड्यानं घेणं शहाणपणाचं.

मांसाहार नेणाऱ्यांसाठी थोडं सावधपणे. कच्चं, मसाला लावलेलं चिकन घट्ट झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खाली, बाटल्यांना चिकटून ठेवा, आणि दही, केक, फळं त्यापासून लांब. 5 ते 60 अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात. 32 अंशांच्या वर हवा असेल तर शिजलेलं अन्नही तासाभराहून जास्त उघड्यावर ठेवू नये असं सांगतात. मार्चनंतर नागपुरात दुपारी 32 च्या खाली हवा असतेच कुठं? आणि सावजी मटणाचा उरलेला रस्सा यात ठेवलात, तर त्या मसाल्याचा वास पुढच्या रविवारच्या केकला येतो. खाण्याचा सोडा आणि लिंबू लावून, दिवसभर झाकण उघडं ठेवून वाळवल्यावर जातो, पण पूर्ण जायला दोन वेळा लागतात. बूच काढून त्याची खाचही घासा, शेवाळ तिथं धरतं.

मे महिन्यात चिखलदरा. पहाटे चारला निघालो, अमरावती, परतवाडा, मग घाट. बॉक्स डिक्कीत न ठेवता मागच्या सीटच्या पायाशी ठेवला, एसीची हवा लागेल असा, कारण उन्हात उभ्या गाडीची डिक्की भट्टी होते. परतवाड्याला थोडा बर्फ भरला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आत बर्फाचे गोळे तरंगत होते, गोधडी आणि थर्माकोलसकट. वर हजार मीटरच्या पुढची उंची, रात्री हवा गार, हेही त्यात आलंच. हेच नागपुरात मे महिन्यात करून पाहाल तर संध्याकाळपर्यंत टिकला तरी पुष्कळ.

खिट्टी मार्चअखेरीस तुटली. वॉरंटीत होती. फोटो पाठवला, बिल पाठवलं, परत फोटो मागितला, मग "स्टॉकमध्ये नाही". सध्या गाडीच्या टपावर सामान बांधायचा, दुकानातून आणलेला इलास्टिक पट्टा बांधतो, आणि खरं सांगायचं तर तो खिट्टीपेक्षा घट्ट बसतो.

आता इंदोऱ्याच्या मित्राला पुण्याला नोकरी लागलीय आणि त्याच्या कॉन्ट्रीचे पाचशे परत करायचे की नाही यावर ग्रुपमध्ये भांडण चालू आहे. महालवाल्याचं म्हणणं, वापरलेल्या मालाचे कसले पैसे. माझं म्हणणं, बिजागरीला चीर पाडणाऱ्यानं तरी बोलू नये. दुसरी मागणी 50 लिटरचा घेऊ अशी आहे. त्याला माझा विरोध आहे: भरलेला 50 लिटर दोघांनी उचलायचा, आमच्यात उचलायला पुढं येणारा एकच आहे आणि तो पुण्याला चाललाय.