१०५० टीआय म्हणून विकलेलं कार्ड

जुन्या गेमिंग पीसीत सेकंड-हँड ग्राफिक्स कार्ड टाकायचा विचार असेल, तर पैसे मोजण्याआधी कार्डाचे मागचे पोर्ट बघा. तिथे मॉनिटरचा जुना निळा व्हीजीए पोर्ट आहे आणि दुकानदार त्याला जीटीएक्स १०५० टीआय म्हणतोय, तर विषय तिथेच संपवा. १०५० टीआय हे २०१६ मध्ये आलेलं, एनव्हीडियाच्या पास्कल पिढीचं कार्ड. व्हीजीएला लागणारं ॲनालॉग आउटपुटच त्या चिपमध्ये नाही, त्यामुळे निळा पोर्ट यायचा कुठून?

भाच्याचा पीसी म्हणजे आय५-४५७०, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि जुनी हार्डडिस्क. बहिणीने हातात दहा हजार ठेवले आणि म्हणाली, "यात बसव काय ते." नव्या पीसीची कोटेशन्स पन्नास हजारांच्या आसपास येत होती. प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड बदला, बोर्ड बदलला की डीडीआर३ रॅम भंगारात, आणि असं करत करत शेवटी नवाच पीसी उभा राहतो. चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, हेही माहीत होतं. पण पोराला दोन वर्षं गेम खेळायचे होते, बारावीनंतर लॅपटॉप लागणारच होता. म्हणून एसएसडी आणि एक कार्ड, एवढंच ठरवलं. हिशोब बरोबर होता, आजही मला तो बरोबरच वाटतो.

जाहिरात ऑनलाइन होती, दुकान पेठेतल्या एका गल्लीत, जिन्याखाली. ५,२०० रुपये. दुकानदाराने कार्ड स्वतःच्या पीसीत लावून दाखवलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जीटीएक्स १०५० टीआय, मेमरी ४ जीबी, यूट्यूबवर व्हिडिओ झकास, एक हलका गेमही चालला. कार्डाला सहा पिनची पॉवर केबल लागत होती. साधं १०५० टीआय ७५ वॉटचं असतं, ते बोर्डावरच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवरच चालतं, म्हणून विचारलं. उत्तर तयार होतं : "साहेब, ओसी एडिशन आहे, ओव्हरक्लॉक केलेलं, म्हणून पिन लागते." काही खऱ्या मॉडेल्सना ती पिन असते हे खरं आहे, आणि नेमकी तीच पळवाट. व्हीजीए पोर्टबद्दल म्हणाला, "जुन्या मॉनिटरवाल्यांची सोय." ड्रायव्हर पेनड्राइव्हवर दिला, वर बजावलं, "अपडेट करू नका, हाच स्टेबल आहे." बिलावर फक्त 'ग्राफिक्स कार्ड, १ नग' आणि 'टेस्टिंग वॉरंटी ७ दिवस'.

घरी डेस्कटॉप चालला, हलके गेम चालले. जीटीए ५ लावला की थोड्या वेळात रंगीत चौकोन आणि मग बंद. त्यात विंडोजने स्वतःहून नवा ड्रायव्हर घातला आणि स्क्रीनच काळी. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "साहेब, तुमचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, लोकल आहे. आपल्याकडे ५५० वॉटचा आहे, घेऊन जा." भाच्यालाही पटलं, "मामा, असेल हो, तो पहिल्यापासून आवाज करतो." तोही घेतला. मग विंडोज फॉरमॅट करून झालं, मग रॅम पुसून लावून झाली. तोवर वॉरंटीचे सात दिवस उलटून गेले.

या धंद्याची मेख इथेच आहे. दहा वर्षांच्या मशीनवर कुठलाही दोष ढकलता येतो : एसएमपीएस, रॅम, बोर्ड, धूळ. नव्या पीसीवाल्याकडे हे खपत नाही. म्हणून असं कार्ड पहिल्याच दिवशी ओळखीच्या कुणाच्या तरी धडधाकट पीसीत लावून बघा.

ऑफिसातल्या मित्राने जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं आणि क्षणात खेळ उघडा पडला. कार्डाच्या नावापुढेच 'फेक' असं लिहून आलं. खाली चिप जीएफ११६, ४० नॅनोमीटरची, पास्कलच्या कितीतरी आधीच्या फर्मी पिढीतली. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कूडा कोअर (चित्राचं गणित करणारे छोटे भाग), यात १९२. जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डावरच साठवलेल्या प्रोग्रॅममध्ये, नवं नाव आणि ४ जीबीचा आकडा भरलेला, प्रत्यक्षात मेमरी १ जीबी. गेमने त्यापलीकडे मेमरी मागितली की सगळं कोसळायचं. एनव्हीडियाने फर्मीचा गेम ड्रायव्हर सपोर्ट २०१८ मध्येच थांबवला, म्हणून तो पेनड्राइव्ह आणि ती 'अपडेट करू नका'ची तंबी. डिव्हाइस मॅनेजर बायोस सांगेल तेच नाव दाखवतो, त्याला काय कळणार? दुकानात जीपीयू-झेड चालवायला नाही म्हणाले तर तेच उत्तर समजा, आणि कार्डावर पूर्ण ताण देणारी फरमार्कसारखी टेस्ट पंधरा मिनिटं तरी चालवून घ्या.

परत गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "आम्हालाही पुढून असंच आलं." वरून बदली देऊ केलं एएमडीचं आरएक्स ५८०, वर फक्त दोन हजार भरायचे. तेही लावायला सांगितलं. ते '२०४८एसपी', म्हणजे २,०४८ स्ट्रीम प्रोसेसरवालं (एएमडीचे कोअर), निघालं. पूर्ण आरएक्स ५८० मध्ये २,३०४ स्ट्रीम प्रोसेसर असतात, हे नावाने ५८० आणि कामाने ५७०. कार्ड वाईट नाही, पण भाव ५८० चा कशाला द्यायचा?

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि तक्रार ई-जागृति या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते, हे कळल्यावर अर्जाचा मसुदा दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवला. सोबत यूपीआयची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट (त्यात १०५० टीआय असं स्पष्ट लिहिलेलं) आणि जीपीयू-झेडचा फोटो. बिलावर मॉडेल नव्हतं, त्यामुळे तो स्क्रीनशॉटच कामी आला. दुकानाऐवजी एखाद्या खासगी माणसाकडून घेतलं असतं तर ग्राहक आयोगाचा हा रस्ताही नव्हता.

कार्डाचे ५,२०० परत मिळाले. एसएमपीएस मात्र घेईना. म्हणाला, "तो कशाला परत करताय साहेब, तो तर ओरिजिनल आहे!"