आठ महिने डिकोडर वापरून: इंजिन पळवणं सोपं, रांगवणं अवघड

माझं दुकान मोटर वाइंडिंगचं. दिवसभर यंत्रमागाच्या मोटरी आणि रात्री माळ्यावर छोट्या मॉडेल रेल्वेचे एचओ मापाचे रूळ, म्हणजे १:८७ ची गाडी, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. दिवाळीआधी दोन डिझेल इंजिनांत डिकोडर बसवले, म्हणजे रुळातून आलेली आज्ञा वाचून मोटर चालवणाऱ्या छोट्या पाट्या. साधे, बिनआवाजाचे, आठ पिनांचे, १ अँपियरचे. कंट्रोलर घरीच केलाय, आर्डुइनो मेगा या छोट्या संगणक-पाटीवर डीसीसी-ईएक्स हे सॉफ्टवेअर. डीसीसी म्हणजे रुळातूनच वीज आणि डिजिटल आज्ञा पाठवायची पद्धत. कंपनी कुठली ते लिहीत नाही, कारण खाली येणारे सीव्ही नंबर, म्हणजे डिकोडरमधली सेटिंगची घरं, बहुतेक डिकोडरमध्ये तेच असतात. किंमत ऐकून मित्र म्हणाला, "काय बे, खेळण्याला एवढे?" त्याला अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

बसवण्याआधी धंद्याच्या सवयीनं १२ व्होल्ट देऊन चाक बोटानं दाबून धरलं आणि मीटर बघितला. ०.७ अँपियर, म्हणजे १ चा डिकोडर पुरेसा. दुसऱ्या इंजिनाला मात्र घाई नडली. लाल-काळी वायर रुळाकडून येते, नारिंगी-करडी मोटरला जाते, आणि मोटरचे दोन्ही टोक बाकी सगळ्यापासून सुटे हवेत. माझ्या इंजिनात एक ब्रश थेट चासीला टेकलेला होता. रोज दुकानात येतो तोच जळका वास आला आणि डिकोडर गेला. मल्टिमीटर हातभर अंतरावर पडला होता. दुसरा मागवावा लागला.

आता वेगाकडे. डबीतून काढलेल्या सेटिंगवर इंजिन पहिल्या स्टेपला, म्हणजे वेगाच्या पहिल्या पायरीला, ढिम्म, चौथ्या-पाचव्याला एकदम झटका, आणि शेवटच्या स्टेपला अशी धाव की डबे वळणावर लोळतात. मी पहिली चूक केली ती सीव्ही ३ आणि ४ वाढवण्याची. हे वेग घेण्याचे आणि मंदावण्याचे. सीव्ही ३ ला २० दिले की शून्यापासून पूर्ण वेगाला सुमारे १८ सेकंद लागतात, दिसायला झकास. पण त्यानं झटका नुसता झाकला जातो. दोन्ही परत शून्य केले आणि मग सीव्ही २ धरला. पहिल्या स्टेपला चाक जेमतेम फिरेल इतकाच तो वाढवायचा, माझ्याकडे ४ वर जमलं. सीव्ही ५ म्हणजे वरची मर्यादा, २५५ वरून १३० वर आणली. मधल्या स्टेपचा सीव्ही ६ त्याच्या निम्म्यापेक्षा थोडा कमी ठेवला, ५५, म्हणजे हळू चालवायला जास्त स्टेप मिळतात. स्टेप अर्थातच १२८ च्या.

अंदाजाने काही करू नका. रुळालगत खडूनं एक मीटर आखा, घड्याळ लावा, आणि ३१३ ला सेकंदांनी भागा. एचओमध्ये तोच ताशी किलोमीटरचा वेग. माझं इंजिन आता पहिल्या स्टेपला एक मीटरला ६० सेकंद घेतं, म्हणजे ताशी पाचच्या आसपास. फलाटाला लागताना डबा हळूच सरकून थांबतो, तेव्हा हुतात्मा एक्सप्रेस सोलापुरात शिरतानाची आठवण येते.

ही संथ चाल जमते ती बॅक-ईएमएफमुळे. मोटर फिरते तेव्हा ती स्वतःच थोडी वीज तयार करते. डिकोडर मधेमधे क्षणभर पुरवठा थांबवून ती मोजतो, आणि चढावर वेग पडला की लगेच जास्त देतो. आम्हा वाइंडिंगवाल्यांना हे समजायला सोपं, पण एवढ्याशा पाटीवर बघून मीही चाट पडलो.

फेब्रुवारीत लाईट गेली. आली तेव्हा इंजिन कुणी न सांगता सुसाट सुटलं आणि टेबलाच्या कडेवरून खाली. कारण सीव्ही २९. त्यात निरनिराळ्या पर्यायांच्या आकड्यांची बेरीज लिहायची असते. कंट्रोलर ज्या नंबरनं इंजिनाला हाक मारतो तो त्याचा पत्ता. आपल्या खऱ्या इंजिनांचे नंबर पाच आकडी, लांब पत्ता चार आकडी, म्हणून शेवटचे चार आकडे घातले होते. त्यामुळे लांब पत्त्याचे ३२ मिळून मूळचा ६ होता तो ३८ झालेला. त्यातले ४ जुन्या साध्या डीसीवर चालण्याच्या परवानगीचे. वीज परत येताना डिकोडर गोंधळला आणि रुळावर डीसी आहे असं समजून पळाला. ३८ चे ३४ केले. त्यानंतर लाईट पन्नासदा गेली असेल, इंजिन जागचं हललं नाही. तुटलेला कपलर, डबे जोडायची कडी, अजून ड्रॉवरमध्ये आहे.

सोलापूरकरांनी एक लक्षात ठेवा: कापसाचे तंतू. दुकानातून कपड्यांवर घरी येतात आणि आसावर असे गुंडाळतात की सीव्ही बदलून काही उपयोग नाही. मी तासभर सीव्ही २ शी झगडलो, मग चिमट्यानं बोटभर धागा निघाला. मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर तर दुपारी हात लावायचाच नाही.

दोन इंजिनं जोडून चालवायची तर संथ असलेलं आधी मोजा आणि वेगवान त्याच्यावर उतरवा, उलटं करू नका. मी सीव्ही १९ मध्ये दोघांना एक नंबर दिला, सीव्ही २९ मध्ये १६ मिळवून वेगाचा तक्ता, म्हणजे टप्प्याटप्प्याचा वेग वेगवेगळा ठरवायची सोय, चालू केली आणि सीव्ही ६७ ते ९४ ची अठ्ठावीस घरं संगणकावर डिकोडरप्रो या सेटिंगच्या प्रोग्राममधून भरली. वरच्या घरांत जोडी जमलीय. पहिल्या तीन घरांत मागचं इंजिन अजून पुढच्याला ढकलतं.