ग्रीक-लॅटिनची पदवी: ऑक्सफर्ड की केंब्रिज?

ऑक्सफर्डची पदवी चार वर्षांची. शाळेत दोन्ही भाषा नसल्या तरी अर्ज करता येतो. पहिल्या टप्प्यात, ‘मॉड्स’मध्ये, भाषा घोटून घेतात, होमर, व्हर्जिल मुळातून वाचायला लावतात. पुढच्या ‘ग्रेट्स’मध्ये तत्त्वज्ञान आणि प्राचीन इतिहास खरा रंगतो. प्लेटो थेट ग्रीकमधून वाचायची आस असेल, तर माझं मत निःसंकोच ऑक्सफर्डला.

केंब्रिजला शाळेत लॅटिन झालेल्यांना तीनच वर्षं लागतात. इतरांना, म्हणजे आपल्याकडच्या जवळपास सगळ्याच मुलांना, आधी तयारीचं एक वर्ष असतं. त्यामुळे वर्षाची बचत आपल्या वाट्याला येत नाही. शिल्पांची, पुरातत्त्वाची ओढ असेल तर मात्र केंब्रिजच! विभागाच्याच इमारतीत ग्रीक-रोमन शिल्पांच्या 450हून अधिक प्लास्टर प्रतिकृती आहेत, अगदी जवळून न्याहाळता येतात.