उलट भाषांतर की ओट्यावरची विचारपूस?

रेस्टलेस लेग्ज सिंड्रोमची (पाय सतत हलवावेसे वाटण्याच्या विकाराची) प्रश्नावली मराठीत आणताना दोन वाटा दिसतात. एक, मराठी मसुदा दुसऱ्या भाषांतरकाराकडून परत इंग्रजीत करून मुळाशी ताडून पाहायचा. हे टेबलावर उरकतं आणि ढोबळ चुका सापडतात.

दुसरी वाट यवतमाळकडच्या गावात ओट्यावर बसून एकेक प्रश्न वाचून दाखवायची. ‘पाय हलवण्याची अनिवार इच्छा होते का?’ यावर कापूस वेचून आलेली मावशी गप्पच. मग म्हणाली, ‘रातच्याला पायात वयवय करते, उठून चाललं का बरं वाटते.’ निदानाच्या पाच निकषांपैकी दोन तिनं एका दमात सांगितले: रात्री वाढणं आणि हालचालीनं आराम. शेजारणीचा ‘हो’ मात्र पोटरीत गोळा येण्याबद्दल होता, आणि तो त्रासच वेगळा. उलट भाषांतरात हा घोटाळा दिसलाच नसता, कारण शब्द तर बरोबरच होते.

माझा कौल ओट्याला. मसुद्यात आता मावशीची ‘वयवय’, म्हणजे ‘वळवळ’, हवी, गोळ्याचा प्रश्न वेगळा हवा. त्यानंतर प्रश्नावलीची उत्तरं न पाहता डॉक्टरांनी केलेल्या निदानाशी ती ताडून बघायची.