घरी येऊन ॲक्टिव्हाची सर्व्हिसिंग करणारी ही इंजिनिअर पोरं (इंदिरानगर, नाशिक)

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच ॲक्टिव्हाची सर्व्हिसिंग करून घेतली आणि तेव्हापासून स्टाफरूममध्ये, शेजारी, भाजीच्या गाडीवर, भेटेल त्याला तेच सांगतेय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं. तिघं जण आहेत, दोन मुलं मेकॅनिकलची बीई झालेली आणि एक मुलगी बीकॉम. दुकान नाही, पाटी नाही, दोन बाइक आणि मागे बांधलेले टूलबॉक्स, बस. व्हॉट्सॲपवर बुकिंग घेतात, घरी येतात आणि तुमच्या डोळ्यांसमोर गाडी खोलून करून देतात.

वेळ दिली होती ९ ची, आले साडेदहाला. हे आधीच सांगून टाकते, कारण लिहायचं तर सगळं लिहायचं. बोगद्यात अडकलो म्हणाले, पण रविवारी सकाळी इंदिरानगरचा बोगदा काही एवढा तुंबत नाही, आणि थोड्या वेळाने खरं कारण कळलं की आधीची गाडी पाथर्डी फाट्याला होती आणि तिचा एक बोल्ट झिजून अडकून बसलेला. मी स्पष्ट सांगितलं, अरे बाळांनो, उशीर होत असेल तर फोन करून आहे ते सांगायचं, माणूस समजून घेतं, पण बोगद्याचं सांगू नका. चष्मेवाला लगेच म्हणाला "चुकलं काकू", आणि कामाला बसला.

आता कामाचं. माझी गाडी २०१८ ची, २६ हजार किलोमीटर झालेली, पिकअप पार गेलेला, मागे लेक बसली की चढाला नुसती घरघर, जागची हलायची नाही. आधी ज्या गॅरेजला टाकायचे तिथे दर वेळी "ऑइल बदललंय मॅडम, आता बघा कशी पळते" एवढंच ऐकायला मिळायचं, काय बदललं काय नाही काही दिसायचं नाही, संध्याकाळी जाऊन पैसे द्यायचे आणि गाडी आणायची. इथे त्या मुलाने आधी माझ्याकडून चावी घेतली, एक चक्कर मारून आला आणि म्हणाला काकू, बेल्ट (इंजिनाचा जोर मागच्या चाकाला पोचवतो तो) बघायला लागेल. जुना पेपर अंथरला, डाव्या बाजूच्या कव्हरचे बोल्ट एकेक करून काढून पेपरवर ओळीने मांडले, ज्या जागेवरचा बोल्ट त्याच जागी, कारण लांबी वेगवेगळी असते म्हणे. बॅटरीवर चालणाऱ्या गनने नट काढला, बेल्ट बाहेर काढला आणि माझ्यासमोर उलटा वाकवून धरला. आतल्या दातांच्या मधोमध बारीक बारीक भेगा, केसाएवढ्या, सरळ धरला की दिसतच नाहीत, वाकवला की तोंड उघडतात. मग खिशातून व्हर्नियर काढला (हो, कॉलेजच्या लॅबमध्ये असतो तोच) आणि बेल्टची रुंदी मोजून मला दाखवली, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाच्या खाली गेलेली. इतकी वर्षं गाडी चालवतेय, बेल्ट असतो हेसुद्धा मला ऐकूनच माहीत होतं, हातात पहिल्यांदा धरला.

घरात जाऊन जुनी बिलं काढली तर दोन वर्षांपूर्वीच्या बिलात "बेल्ट" म्हणून पैसे लावलेले. मुलाला दाखवलं. तो म्हणाला, हा बेल्ट मला तरी गाडीसोबत आलेलाच वाटतोय, पण खात्रीने नाही सांगू शकत, उगाच कुणाचं नाव घेत नाही. मला हे फार आवडलं. दुसऱ्याला वाईट म्हणून स्वतःचं गिऱ्हाईक पक्कं करायची संधी आयती समोर होती आणि पोराने ती घेतली नाही.

नवीन बेल्ट, रोलर, इंजिन ऑइल, गिअर ऑइल, प्लग साफ, मागच्या ब्रेकचे शू घासून परत बसवले, एअर फिल्टर अजून चालेल म्हणून तसाच ठेवला. सगळे जुने पार्ट पिशवीत घालून माझ्या हातात दिले. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून सोबत घेऊन गेले, गटारात ओतलं नाही, तरी फरशीवर दोन डाग पडलेच, ते मात्र मलाच घासावे लागले, तेवढा एक जाडसर पुठ्ठा ठेवा रे सोबत. गाडी धुऊन देत नाहीत, पाणी तुमचं, वेळ तुमचा, ते आधीच सांगतात. मजुरी वेगळी आणि पार्टचं बिल वेगळं, पार्टच्या डब्यावरची किंमत बघून घ्या म्हणून डबेही समोर ठेवतात. मजुरी साध्या गॅरेजपेक्षा पन्नास-शंभर जास्त पडली आणि मी एक रुपयाही कमी करायला सांगितलं नाही.

गाडी आता कशी आहे? लेकीला मागे बसवून पांडवलेणीच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले, एकदाही कुरकुरली नाही.

गिअर ऑइल गळून जाईपर्यंत चहा दिला तेव्हा बोलणं निघालं, आणि खरं सांगायचं तर हे सगळं लिहायला बसले ते त्यासाठी. मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. सुशिक्षित बेकारी हा विषय दर वर्षी फळ्यावर लिहिते, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालातला आकडा पोरांना लिहून देते की २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधली बेकारी २९.१ टक्के आणि लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के. वर्गात एखादा हमखास विचारतो, मग मॅडम शिकायचं कशाला. मी सांगते की ज्याच्या घरी खायला नाही त्याला मिळेल ते काम धरावंच लागतं, पदवीवाला पदवीजोगत्या कामाची वाट बघत थांबतो, घरचे थांबू देतात तोवर. शिकवताना हे बरोबरच असतं. पण पार्किंगमध्ये उकिडवं बसून चहा पिणारा तो २९ टक्क्यांतला मुलगा समोर असताना हेच वाक्य मला बोलवेना.

चष्मेवाल्याने सातपूरला एका कंपनीत वर्षभर ट्रेनी म्हणून काढलं, वर्ष संपलं तेव्हा पुढची बॅच आत आणि हा बाहेर. दुसरा निफाडकडचा, घरी कांदा आणि थोडी द्राक्षं, तो अभ्यासिकेत दीड वर्ष बसला. २०२३ ची तलाठी भरती दिली त्याने, ४,६४४ जागा आणि अर्ज १० लाखांच्या वर, फी १,००० रुपये. म्हणाला, काकू, निकालाचं वाईट नाही वाटलं, पण परीक्षेच्या सेंटरवर माझ्या कॉलेजचे अकरा जण भेटले, सगळे बीई, तेव्हा पोटात खड्डा पडला. त्यानंतर तीन महिने एका गॅरेजमध्ये बिनपगारी काम शिकला. आयटीआय केलेल्या पोरांचा हात आमच्यापेक्षा कितीतरी चांगला असतो, हे त्याने आपणहून सांगितलं, त्यात कमीपणा नाही वाटला त्याला. बीईचा उपयोग काय होतो विचारलं तर मोबाइलवर तक्ता दाखवला, प्रत्येक गाडीचा नंबर, किलोमीटर, बेल्टचं माप, ऑइल कधी बदललं, सगळं लिहिलेलं, आणि त्यावरून कुणाला कधी मेसेज टाकायचा हे आपोआप लाल होतं.

घरी काय सांगितलंय म्हटलं, तर निफाडवाला खाली बघायला लागला. वडलांना माहीत आहे, ते म्हणतात गाड्याच दुरुस्त करायच्या होत्या तर एवढी फी भरून इंजिनिअर कशाला झालास. पाहुण्यारावळ्यांत मात्र "सर्व्हिस इंजिनिअर आहे नाशिकला" असं सांगतात, कारण स्थळं बघायची आहेत.

बीएडच्या वेळी नाही, पण नंतर कधीतरी वाचलेलं आठवलं, आयझेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये मांडलेलं, की माणूस एखादी गोष्ट करायचं ठरवतो ते तीन गोष्टींवर, त्याला स्वतःला ती कशी वाटते, त्याच्या जवळच्या लोकांना ती कशी वाटते, आणि आपल्याला हे जमेल असा भरवसा किती आहे. आपल्याकडे मुलांना धंदा नको असतो असं आपण सरसकट म्हणतो, पण माझ्या वर्गात हात वर करायला सांगा, अर्ध्याच्या वर हात वर येतात. अडतं ते दुसऱ्या गोष्टीवर. घरात, भावकीत, सोसायटीच्या गेटवर. "सध्या काय करतोय?" हा प्रश्न आपण ज्या सुरात विचारतो त्या सुरावर. मी स्वतः माझ्या भाच्याला विचारलाय तो, त्याच सुरात, दिवाळीत, सगळ्यांदेखत, आणि आज ते आठवलं की फार लागतं.

पैशाचं काम ती बीकॉमवाली मुलगी बघते, ती आली नव्हती, फोनवर बोलले. मुद्रा लोनला शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण मिळतं म्हणून एका बँकेत गेले तर दुकानाचं भाडेपत्र मागितलं, आता दुकानच नाही तर भाडेपत्र कुठलं आणणार, तीन चकरा मारून सोडून दिलं. उद्यम नोंदणी (लहान धंद्याची सरकारी नोंद) करायला एका एजंटने दीड हजार घेतले. हे वाचणाऱ्या सगळ्या पोरांना हात जोडून सांगते, उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, कुणालाही एक रुपया देऊ नका. आता तिने स्वतःच्या नावावर पीएमईजीपीची (नव्या धंद्याला कर्ज आणि सबसिडी देणारी केंद्राची योजना) फाइल टाकली आहे, महिला असल्याने शहरात २५ टक्के सबसिडी आणि स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे, सेवा व्यवसायाला २० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट चालतो, हिने अर्थात खूप कमीचा केलाय. सबसिडी लगेच हातात येत नाही, ३ वर्षं बँकेत ठेव म्हणून राहते, हे तिला आधीच माहीत होतं आणि तिने हिशेब तसाच धरलाय. मला म्हणाली, मॅम, सबसिडी नाही आली तरी हप्ता जाईल का एवढंच मी बघितलं. बँकेतल्या साहेबांनी हिला एकदा समोर बसवून नीट ऐकून घ्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आमची लेक यंदा शेवटच्या वर्षाला आहे, कॉम्प्युटरला. ती गॅलरीतून बघत होती, मग खाली आली आणि तो तक्ता बघून म्हणाली यात मेसेज हाताने कशाला टाकता, तो पण आपोआप जाईल. अर्धा तास दोघं त्या मोबाइलवर डोकी घालून बसले. मी वर जाऊन पोळ्या टाकल्या, दोन जास्तीच्या.

आता ज्यांना बोलवायचंय त्यांच्यासाठी. इंदिरानगर, गोविंदनगर, पाथर्डी फाटा, सिडको एवढ्याच भागात येतात, पंचवटीला अजून नाही, द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये दिवसाच्या दोन गाड्या कमी होतात म्हणे. स्कूटर आणि साध्या बाइक करतात, बुलेटला आत्ता हात लावत नाहीत आणि तसं तोंडावर सांगतात. बुकिंग करताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि मीटरचा फोटो पाठवा म्हणजे पार्ट सोबत घेऊन येतात, नाहीतर दुसरी चक्कर होते. पार्किंगमध्ये उजेड असेल असं बघा. रविवार दोन-तीन दिवस आधी भरतो, शक्य असेल तर मधला वार घ्या. माझ्या सीटखाली स्टिकर लावून मार्करने लिहून गेलेत, पुढचं ऑइल २८,५०० ला.