माझदा एमएक्स-५, पहिली पिढी, १.६ लिटर: स्कॅनर नको, वायरचा तुकडा पुरे

१९८९ साली आलेली ही दोन सीटची, घडीच्या टपाची गाडी जुनी घ्यायची असेल तर रंग आणि सीट नंतर, आधी बॉनेट उघडून क्रँकची (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) पुली बघा. सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकचं टोक आखूड होतं. पुलीच्या दर्शनी भागावर चार खाचा म्हणजे आखूड टोक, आठ म्हणजे नंतरचा मजबूत क्रँक. टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळवणारा पट्टा) बदलताना मधला मोठा बोल्ट नीट आवळला गेला नाही की पुली किंचित हलायला लागते, पुली जागेवर धरणारी आतली लोखंडी चावी (की) क्रँकची खाच कुरतडते आणि टायमिंग सरकत जातं. पिकअप हळूहळू मरतो, चालू इंजिनात पुली डगमगताना डोळ्यांना दिसते. अशी गाडी स्वस्तात मिळाली तरी सोडून द्यावी, कारण धड इलाज नवा क्रँक हाच.

बाकी इंजिन चिवट. बेल्ट साधारण ९६,००० किमीला बदलायचा. तुटलाच तर गाडी जागेवर उभी राहते, व्हॉल्व्ह वाकत नाहीत. थंडपणी येणारी टकटक व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटची असते, ताजं तेल घातल्यावर बरेचदा कमी होते.

इलेक्ट्रॉनिक्सची भीती मात्र उगाच घातली जाते. बॉनेटखाली ‘डायग्नोसिस’ लिहिलेली छोटी काळी डबी आहे, पिनांची नावं झाकणाच्या आतल्या बाजूला. टीईएन आणि जीएनडी या पिना वायरच्या तुकड्याने जोडा, इंजिन न लावता इग्निशन ऑन करा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकून बिघाडाचा कोड सांगायला लागतो: लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. एक लांब, पाच छोट्या म्हणजे १५, ऑक्सिजन सेन्सर. नुसत्या आठ छोट्या म्हणजे एअरफ्लो मीटर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा भाग. ज्या गाड्यांत हा दिवाच नाही, तिथे बी+ आणि एफईएन या पिनांमध्ये रेझिस्टर लावलेला एलईडी जोडून वाचता येतं. इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) तपासतानाही टीईएन-जीएनडी जोडायचं. गरम इंजिनावर १० अंश यायला हवं, नसेल तर कॅमशाफ्टची स्थिती सांगणारा कॅम अँगल सेन्सर फिरवून जुळवायचं.

कोड सापडला म्हणून लगेच सेन्सर विकत घेऊ नका. आयडलिंग वर-खाली होत असेल तर एअरफ्लो मीटर ते थ्रॉटलमधला रबरी पाइप वाकवून बघा. घड्यांमध्ये चीर असते आणि न मोजलेली हवा आत जाते. इंजिन लागून लगेच बंद पडत असेल तर त्याच डबीतल्या एफ/पी आणि जीएनडी पिना जोडा. पेट्रोल पंपाचा आवाज आला आणि गाडी चालू राहिली, तर पंप ठीक आहे. संशय एअरफ्लो मीटरवर, कारण पंपाचा स्विच त्याच्याच झडपेत आहे. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमला जोर दिल्यावर मिसिंग होत असेल, तर कॉइलच्या आधी प्लगच्या वायरी बदला. प्लगचा गॅप १.१ मिमी.

गिअरबॉक्सच्या तोंडाशी तेल दिसलं की मागचं क्रँक सील गेलं म्हणून गिअरबॉक्स उतरवायला निघतात. थांबा. हेडच्या मागे, फायरवॉलला लागून कॅम अँगल सेन्सर बसतो, आणि त्याची ओ-रिंग कडक झाली की तेल तिथूनच ओघळतं. जागेची खूण करा, १२ मिमीचा एकच बोल्ट काढा, नवी रिंग तेल लावून बसवा. हात घालायला जागा नाही, शिव्या येतात, पण काम तेवढंच.

क्लचचा पेडल मऊ पडला तर गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरचं (क्लच ढकलणारा खालचा सिलिंडर) रबर उचला. आत ओलं असेल तर मास्टर (पेडलकडचा सिलिंडर) आणि स्लेव्ह एकदमच बदला. या गाडीचे हेडलाइट बॉनेटमधून वर उघडतात; त्यातला एकच डोळा उघडत असेल तर मोटरवरचा गोल खटका हाताने फिरवून दुसरा वर आणता येतो. बॅटरी डिकीत आहे, तिथे सीलबंद एजीएमच (अॅसिड काचतंतूच्या चटईत शोषलेली बॅटरी) हवी आणि वाफेची नळी बाहेर सोडलेली हवी. साधी बॅटरी अॅसिडच्या वाफेने पत्रा खाते.

पत्र्याचा खरा शत्रू मात्र टपाचं पाणी. सीटच्या मागे दोन्ही बाजूंना निचऱ्याची भोकं आहेत. त्यातून मऊ प्लॅस्टिकची तार खालपर्यंत सरकवा आणि वरून पाणी ओता. गाडीखाली धार आली नाही, तर ते पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत (सिल) साचतंय आणि पत्रा आतून सडतोय.