बॅटरी काढली तरी वाजणारी ‘अ‍ॅक्टिव्ह’ गिटार

सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटारच्या जाहिराती चाळल्या की एक माल हमखास दिसतो. काळी कुळकुळीत टोकदार बॉडी, दोन काळे पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे), त्यांवर ‘ईएमजी’ या पिकअप कंपनीची अक्षरं, मागे नऊ व्होल्टच्या बॅटरीचं खोकं आणि हलणारा ब्रिज, म्हणजे तारांचा बॉडीवरचा आधार. खाली मजकूर: ‘प्रो मेटल गिटार, अ‍ॅक्टिव्ह पिकअप, ओरिजिनल फ्लॉइड रोज, अर्जंट विकणे आहे.’ गिऱ्हाईक ठरलेलं. दोन-तीन वर्षं अकूस्टिक वाजवून झालेली, आता बँडमध्ये ड्रॉप सी (जाडी तार सी पर्यंत उतरवलेल्या) ट्यूनिंगला जड रिफ वाजवायची आहेत. त्याला वाटतं, ही आपल्यासाठीच बनवलीय. हातोहात फसतो तो इथेच.

विकणारा गिटार स्वतःच्या प्रोसेसरमधून वाजवून दाखवतो. भरपूर डिस्टॉर्शन, वर खरखर दाबणारा नॉइज गेट. या मिश्रणातून कुठलीही गिटार दणकट वाटते. पिकअपचा गुणही कळत नाही आणि दोषही. म्हणून पहिली मागणी ही करायची: केबल थेट अ‍ॅम्पमध्ये, क्लीन चॅनल, मध्ये एकही पेडल नको. दुसरी मागणी अ‍ॅम्प चालू ठेवूनच. मागचं खोकं उघडून बॅटरी काढायची आणि वाजवत राहायचं. खऱ्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपमध्ये सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट असतं, ते बॅटरीशिवाय चालत नाही. फार तर क्षण-दोन क्षण आवाज फाटतो आणि जातो. गिटार पूर्वीसारखीच ठणठणीत वाजत राहिली, तर पिकअप पॅसिव्ह (बॅटरी न लागणारे) आहेत आणि बॅटरी शोभेची.

मागची प्लेट खोलायला विकणारा तयार झाला तर सगळंच उघडं पडतं. अ‍ॅक्टिव्ह गिटारच्या जॅकला तीन टोकं असतात, कारण बॅटरीची काळी तार मधल्या टोकाला जोडलेली असते. केबल आत गेली की सर्किट पूर्ण होतं, काढली की बॅटरी बंद. नकलेत साधा दोन टोकांचा मोनो जॅक सापडतो. बॅटरीची लाल तार कुठेच गेलेली नसते, टेप गुंडाळून कोपऱ्यात दडपलेली असते. पॉटवर (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या भागावर) काय छापलंय तेही वाचा. अ‍ॅक्टिव्ह ईएमजीला २५के पॉट लागतात, साध्या हंबकरला (दोन कॉइलच्या पॅसिव्ह पिकअपला) ५००के. वरून कीर्तन, आतून तमाशा. एक पळवाट मात्र माहीत असू द्या: ईएमजीचीच ‘एचझेड’ ही पॅसिव्ह मालिका खरी आहे आणि वाईटही नाही. पण तिला बॅटरी नसते, आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणून तिचा भाव लावणं ही फसवणूकच.

आता ब्रिज, म्हणजे जाहिरातीतला ‘फ्लॉइड रोज’. त्यावर ‘लायसन्स्ड अंडर फ्लॉइड रोज पेटंट्स’ असं कोरलेलं असतं आणि विकणारा त्यातले दोनच शब्द मोठ्याने वाचतो. त्या ओळीचा अर्थ इतकाच की रचना फ्लॉइड रोजची, बनवणारा दुसराच. यात चांगलेही असतात. पण स्वस्तातले मऊ धातूचे असतात आणि ज्या दोन धारांवर ब्रिज तोललेला असतो त्या धारा झिजतात. तपासणी सोपी. नट (नेकच्या टोकाची तारा धरणारी पट्टी) लॉक करून ट्यून करा, ब्रिजचा दांडा म्हणजे बार तारा सैल पडेपर्यंत दाबा, सोडा, ट्यूनर बघा. मग बार वर ओढा, सोडा, पुन्हा बघा. एकदा सूर चढा आणि एकदा उतरा येत असेल, तर धार गेली किंवा ती ज्यांवर टेकते ते खिळे लाकडात हलताहेत. ‘नवीन तारा टाकल्या की ठीक होईल’ ही थाप आहे.

आणि हे सगळं अस्सल निघालं तरी या मुलाला हा ब्रिज नकोच होता. हलणारा ब्रिज तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगांचा ताण यांच्या तोलावर उभा असतो. दोन गाण्यांच्या मध्ये जाडी तार ई वरून डी ला उतरवली की ब्रिज मागे झुकतो आणि उरलेल्या पाच तारा चढतात. ट्यूनिंग बदलत वाजवणाऱ्याने स्थिर ब्रिज घ्यावा, २५.५ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी) बघावं आणि ड्रॉप सी साठी तारांच्या जाडीत १०-५२ च्या खाली (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तार, इंचाच्या हजाराव्या भागांत) जाऊ नये. ९-४२ चा संच त्या सुरात लोंबकळतो. मग लोक पिकअपला शिव्या घालतात.

ब्लूज-रॉक वाजवणाऱ्याला वेगळा सापळा: गिब्सन लेस पॉलची नक्कल. कागदावरचा सिरियल नंबर दाखवतात, तो कुणाच्याही फोटोवरून उचलता येतो. त्याऐवजी हेडस्टॉकवरचं (नेकच्या टोकावरच्या चाव्यांच्या भागावरचं) घंटेच्या आकाराचं झाकण बघा. गिब्सनचं दोन स्क्रूंवर बसतं आणि आत नेक सरळ ठेवणाऱ्या सळईचा, म्हणजे ट्रस रॉडचा, पितळी षटकोनी नट असतो, ज्याला पाना लागतो. नकलेत बऱ्याचदा तीन स्क्रू आणि अ‍ॅलन कीचं भोक. नेकच्या मागे, तारा धरणाऱ्या नटच्या जवळपास लाकडाचा तिरका सांधा दिसला तर व्यवहार तिथेच संपला. खऱ्या लेस पॉलमध्येही त्याच जागी रंगाला बारीक रेघ असेल, तर हेडस्टॉक मोडून चिकटवलेला असू शकतो. अशी गिटार वाजते छान, पण किंमत बरीच खाली यायला हवी.

फंक किंवा स्वच्छ सुरांसाठी स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) घेणाऱ्याने मल्टिमीटर न्यावा. गिटारमध्ये केबल लावून, व्हॉल्यूम पूर्ण ठेवून केबलच्या दुसऱ्या टोकाला टिप आणि बाहेरची नळी यांमध्ये मोजा. साध्या सिंगल कॉइलला (एका कॉइलच्या पिकअपला) साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम दिसतात. आकडा एकदम दोनशे किलोओहमच्या पुढे गेला तर कॉइल तुटलीय.

नेक मात्र सगळ्यांनीच बघायची, मुंबई-कोकणाच्या दमट हवेतली गिटार असेल तर दुप्पट. जाडी तार पहिल्या आणि सतराव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. आठव्या फ्रेटवर साधारण पाव मिलिमीटर फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड पाव वेढा फिरतो का ते विकणाऱ्याकडूनच फिरवून घ्या. तो अडकलेला असेल तर दुरुस्तीचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीच्या पुढे जातो.

पैशांबाबत: गिटार हातात येण्याआधी ‘टोकन’ नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर फोन करा आणि चॅट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक जपून ठेवा; जाहिरात काढून टाकली जायला वेळ लागत नाही. दुकानाने पक्क्या बिलावर नकली माल दिला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यासाठी बिलावर ‘गिटार, १ नग’ एवढंच न लिहिता मॉडेल, सिरियल नंबर आणि ‘अ‍ॅक्टिव्ह पिकअप’ हे शब्द दुकानदाराकडून लिहून घ्या. तो लिहायला टाळाटाळ करू लागला, की प्लेट उघडायचीही गरज उरत नाही.